रामबागेतल्या वकील मॅडम: घराची वाटणी, आईचं मृत्युपत्र आणि आमचा अनुभव

मॅडमचं नाव इथं लिहीत नाहीये कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई असते आणि क्लायंटनं कौतुकानं लिहिलं तरी ते जाहिरातीसारखंच दिसतं असं त्यांचं म्हणणं. पण इंदूरमध्ये रामबागेच्या बाजूला कुठल्याही मराठी घरात विचारा, मृत्युपत्राची कामं करणाऱ्या वकीलबाई म्हटलं की लोक गल्ली दाखवतात. दिवसा त्या कोर्टात असतात, संध्याकाळी सहानंतर घराच्याच वरच्या मजल्यावर बसतात.

आम्हाला त्यांचं नाव नंदानगरच्या एका काकूंकडून कळलं. काका हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या हक्काचे पैसे मिळायला डिसेंबर 2023 उजाडलं, बत्तीस वर्षं, तोवर कितीतरी कामगार वारले होते आणि मागे राहिलेल्या बायका-मुलांना आपण वारस आहोत हे कागदानं दाखवणं भाग होतं. काकूंच्या कागदांवर काकांचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलेलं, ते सगळं मॅडमनी एका ठिकाणी आणून दिलं आणि फी विचारल्यावर म्हणाल्या की पैसे हातात आले की बघू. हे ऐकूनच मी गेलो.

आता आमचं काय होतं ते सांगतो, कारण असं पुष्कळ घरांत असतं. बाबा 2022 मध्ये गेले. लोकमान्य नगरचं घर त्यांच्या एकट्याच्या नावावर, त्यांनीच नोकरीतल्या पैशातून बांधलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही (इथं सगळे वसीयतच म्हणतात, आमच्या घरातसुद्धा). आम्ही तीन भावंडं, दादा पुण्याला, ताई लग्न होऊन बडोद्याला, आणि मी आईबरोबर इथंच. दादा आणि ताई दोघंही म्हणाले की आम्हाला काही नको, घर तुझ्या नावावर करून घे. मग मी एका दुसऱ्या वकिलांकडे गेलो, त्यांनी 500 च्या स्टॅम्पवर चार ओळी टाइप केल्या, दादा-ताईच्या सह्या, नोटरीचा शिक्का, पंधरा हजार घेतले, पावती नाही, आणि झालं म्हणाले. तो कागद घेऊन मी नगर निगममध्ये नामांतरणाला गेलो तर पहिल्याच खिडकीवर परत दिला. हकत्यागाचा कागद रजिस्टर्ड पाहिजे. वकीलसाहेबांना फोन केला तर म्हणाले त्यांना सांगा घ्यायला. पुढचे सहा महिने हेच चाललं होतं, त्यात ताईला दोनदा बडोद्याहून यावं लागलं, नुसत्या सह्यांसाठी.

मॅडमनी तो कागद वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, जमीन-घराचा हक्क सोडायचा असेल तर तो सब-रजिस्ट्रारसमोर रजिस्टर झालाच पाहिजे, नोटरीचा शिक्का म्हणजे सही तुमची आहे एवढंच. आणि नामांतरण झालं म्हणजे मालकी मिळाली असंही नाही, ती नगर निगमची टॅक्सची नोंद असते, मालकीचा निकाल तिथं होत नाही. इतकं साधं आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि चार चौकोन काढले. आई, दादा, ताई, मी. मृत्युपत्र नसेल तर हिंदू माणसाच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीसुद्धा, सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा वाटा. आजी आधीच गेलेली, म्हणून चार वाटे. मी म्हटलं मुलींना हक्क 2005 पासून ना, तर म्हणाल्या तिथंच सगळ्यांची गल्लत होते. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या मुलीच्या जन्मसिद्ध वाट्याची आहे, त्याबद्दल सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं की वडील 2005 ला हयात असोत नसोत, मुलीचा वाटा आहेच. पण बापानं स्वतः कमावलेल्या घरात, त्यानं मृत्युपत्र केलं नसेल तर, मुलीचा वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. म्हणजे ताईचा चौथा हिस्सा ही आमच्या कुणाची मेहरबानी नव्हती, बाबा गेले त्याच दिवशी तो तिचा झाला होता. मी 51 वर्षांचा माणूस, बँकेत क्लेरिकल काम केलेला, मला हे माहीत नव्हतं आणि त्याचं मला खूप वाईट वाटलं, कारण दोन वर्षं आम्ही ताईशी सही करून टाक ना अशाच भाषेत बोलत होतो.

मॅडमबद्दल मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे. दुसऱ्या भेटीला मी आईला घेऊन गेलो. दादाचा विचार असा की आईनं तिचा चौथा हिस्साही आत्ताच दानपत्रानं माझ्या नावावर करावा, म्हणजे पुढं कटकट नको. मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. मला काकूंशी एकटीशी बोलायचंय." मी म्हटलं अहो आईला कमी ऐकू येतं, मी सांगतो ना तिला काय ते. तर शांतपणे म्हणाल्या, "मी मोठ्यानं बोलेन."

चाळीस मिनिटं मी बाहेरच्या बाकावर होतो. आतून काही ऐकू येत नव्हतं, मध्ये एकदा फक्त आईचं हसणं ऐकू आलं, आणि बाबा गेल्यापासून ते मी ऐकलं नव्हतं. बाहेर आल्यावर आईनं मला एवढंच सांगितलं की तिला आत्ता कुणालाच काही द्यायचं नाहीये, हिस्सा तिच्याच नावावर राहू दे, आणि ताईनं तिचा हिस्सा सोडू नये अशी तिची इच्छा आहे. तीन वर्षांत आईला हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारलाच नव्हता. आम्ही तिची काळजी घेत होतो, औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं, पण घराबद्दल तिला काय वाटतं हे विचारायला एका परक्या बाईला भेटावं लागलं.

दानपत्राबद्दल नंतर त्यांनी मला समजावलं. दान एकदा रजिस्टर झालं की सहजासहजी परत फिरत नाही. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याच्या कलम 23 मध्ये आईवडिलांना सांभाळायच्या अटीवर मिळकत दिली आणि मुलानं सांभाळलं नाही तर ते दान रद्द होऊ शकतं, पण ती अट असल्याचं दिसलं पाहिजे, कागदात नसेल तर सिद्ध करताना म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. आपल्याच मध्य प्रदेशातली, छतरपूरची एका आईची केस जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टात आईच्या बाजूनं लागली, दानपत्र रद्द झालं, पण बघा म्हणाल्या, तिला दिल्लीपर्यंत जावं लागलं. मृत्युपत्राचं तसं नाही, आई असेपर्यंत सगळं आईचंच, मन बदललं तर नवं करता येतं, शेवटचं जे असेल ते चालतं. हे त्या माझ्या तोंडावर सांगत होत्या, मी घर घेणारा मुलगा, फी देणारा मी, आणि त्या बाजू आईची घेत होत्या. मला त्याचा राग नाही आला. उलट तेव्हाच वाटलं की काम योग्य जागी आलंय.

शेवटी दादानं त्याचा हकत्याग रीतसर रजिस्टर करून दिला, ताईनं हिस्सा ठेवला, घर आता आई, ताई आणि मी अशा तिघांच्या नावावर आहे. ताई फोनवर रडली. तिनं कधी सांगितलं नव्हतं की माहेरच्या घरात मला काही नको असं ती फक्त आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत होती.

बाबांच्या एफडीचा एक प्रश्न होता तोही इथंच सुटला. नॉमिनी दादा, बँकेनं पैसे दादाला दिले, दादाला खरंच वाटत होतं की नॉमिनी म्हणजे पैसे त्याचे. मॅडमनी सांगितलं की नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा, शेअर्सबद्दलही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2023 मध्ये हेच म्हटलंय. दादाला मी हे सांगताना घाबरत होतो, पण त्यानं दुसऱ्याच दिवशी चार वाटे करून पाठवले. आईच्या खात्यांना आता वेगवेगळे नॉमिनी लावलेत, 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेत चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, ते करून घ्या हेही मॅडमनीच आठवणीनं कळवलं.

आता आईचं मृत्युपत्र. आई शाळेत मराठी शिकवायची, 79 वय, चष्मा लावून पेपर अजून शेवटच्या पानापर्यंत वाचते. ती म्हणाली मी ज्या भाषेत विचार करते त्याच भाषेत लिहीन. इथं सगळं काम हिंदीत चालतं, दुसरं कुणी असतं तर हिंदीतलं छापील टाइप करून सही करा म्हणालं असतं. मॅडम म्हणाल्या मृत्युपत्र कुठल्याही भाषेत करता येतं, रजिस्टर करायलाच पाहिजे असंही नाही, पण करायचं असेल तर जिल्ह्यात न चालणाऱ्या आणि अधिकाऱ्याला न समजणाऱ्या भाषेतल्या कागदासोबत खरं भाषांतर आणि नक्कल जोडावी लागते. म्हणून मूळ मराठीत केलं आणि जोडीला हिंदी भाषांतर.

तिथं एक गोष्ट झाली ती मी विसरणार नाही. दागिन्यांची यादी करायची होती म्हणून मी आईचे दागिने सराफ्यात तोलून आणले, प्रत्येकाचं वजन चिठ्ठीवर. टायपिस्टनं हिंदीत पाटल्या आणि बांगड्या दोन्हीला चूड़ियाँ लिहून टाकलं. मॅडमनी रात्री साडेनऊला फोन केला, काकूंना विचारा पाटल्या चपट्या आहेत ना, आणि बांगड्या गोल, नक्षीच्या, चार की सहा. आई जागीच होती, तिनं डबा उघडून मोजल्या. दुसऱ्या दिवशी हिंदी कागदातही पाटल्या हाच शब्द ठेवला आणि पुढं लिहिलं सोन्याच्या, चपट्या, दोन, आणि ग्रॅममध्ये वजन. म्हणाल्या, उद्या घरातल्या दोघी एका शब्दावरून भांडायला नकोत. पाटल्या कुणाला दिल्यात ते मला माहीत नाही. मृत्युपत्रात काय लिहिलंय तेही मी वाचलेलं नाही, आईनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

साक्षीदारांचंही त्यांनी नीट बघितलं. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांनी आईला सही करताना बघितलेलं, किंवा सही माझीच आहे असं आईनं स्वतः त्यांना सांगितलेलं असावं लागतं. आईला तिची जुनी मैत्रीण हवी होती, ऐंशीची. मॅडम हळूच म्हणाल्या, काकू, साक्षीदार आपल्यापेक्षा लहान वयाचे घेऊ या, पुढं कधी कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर निदान एका साक्षीदाराला जाऊन सांगावं लागतं. आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांनाही साक्षीदार करायचं नाही, उगाच संशयाला जागा. मग आईची एक जुनी विद्यार्थिनी आणि आमचे डॉक्टर असे दोघं ठरले. डॉक्टरांनी त्याच दिवशीचं सर्टिफिकेट दिलं की आईचं डोकं ठीक चालतं, सगळं समजून सही करतेय, ते कायद्यानं लागतंच असं नाही पण जोडलेलं बरं. स्टॅम्प ड्यूटी मृत्युपत्राला लागत नाही. प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून खरं ठरवून घेण्याचं, मुंबईच्या नातेवाइकांनी खूप घाबरवलं होतं, आपल्याकडे इंदूरच्या घराला ते सक्तीचं नाही हेही कळलं.

मोती तबेल्याला रजिस्ट्रारकडे गेलो तेव्हा मात्र पहिल्या दिवशी परत यावं लागलं. आईच्या आधारवर बाबांचं नाव मधे आहे, पॅनवर नाही, आपल्या मराठी लोकांचं इथं हे नेहमीचंच, आणि ते मॅडमच्या ऑफिसनं आधी बघायला पाहिजे होतं. मी तसं त्यांना म्हटलं. त्यांनी कबूल केलं आणि त्या दिवसाची फी लावली नाही. पण आईला उन्हात रिक्षातून नेऊन आणलं त्याचा मला त्रास झालाच, म्हणून लिहितोय.

अजून दोन-तीन तक्रारी आहेत. दिवसा फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीच, मेसेजचं उत्तर रात्री येतं आणि एका शब्दात. संध्याकाळी गर्दी असते, वेळ घेऊन गेलो तरी पाऊण तास बसावं लागलं. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, टू-व्हीलरवर जा किंवा रिक्षा करा. बसायला बाक लाकडी आहेत, म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकायला काही नाही.

फी सगळी आधी लिहून देतात. पहिल्या भेटीचे 1000, आईच्या मृत्युपत्राचे भाषांतर धरून 9000, हकत्यागाचे वेगळे, सरकारी खर्च वेगळा आणि त्याच्या पावत्या हातात. पैसे कमी नाहीत, पण कशाचे आहेत ते कळतं.

घटस्फोटाची कामंही त्या करतात. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं केलं. परस्पर संमतीनं होतं, एक वर्ष वेगळं राहून झालं होतं, अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं पण 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कोर्टाला योग्य वाटलं तर ते माफ होऊ शकतात. मुलीच्या काकांचा आग्रह होता की आधी नवऱ्यावर मारहाणीची तक्रार टाकू म्हणजे तो पैसे देईल. मॅडमनी सरळ नाही म्हटलं, जे झालं नाही ते मी लिहिणार नाही, झालं असतं तर पहिली मीच ठाण्यात नेलं असतं. दोघांची मिळकत-खर्चाची शपथपत्रं मागवली, त्यावर मुलाच्या खर्चाचा आकडा ठरला, भांडून नाही. आणि मुलगा बापाकडे कधी जाणार त्याचा कागद केला त्यात नुसतं महिन्यातून दोन रविवार असं नाही लिहिलं, गणपतीचे पहिले दीड दिवस आईकडे, गौरीनंतर बापाकडे, दिवाळीची भाऊबीज एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे, परीक्षेच्या आठवड्यात कुठंच हलवायचं नाही, एवढं बारीक लिहिलं. मुलगा सात वर्षांचा आहे. मागच्या गणपतीत तो दोन्ही घरी मोदक खाऊन आला.

अजून एक, ज्यांच्या घरात एकट्या बायका आहेत त्यांनी हे वाचाच. माझी आत्या, काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, शिक्षण खात्यातली नोकरी करून स्वतःचा फ्लॅट घेतलेला. आम्ही समजत होतो की तिच्यामागे ते माहेरी येईल. मॅडमनी सांगितलं की मूल नसलेल्या विधवेनं स्वतः कमावलेलं, मृत्युपत्र नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिचे स्वतःचे आईवडीलसुद्धा त्यांच्यानंतर येतात. आईवडिलांकडून वारशानं मिळालेलं असेल तेवढंच माहेरच्या बाजूला परत जातं. ज्या दिरांनी काका गेल्यावर आत्याला घराबाहेर काढलं होतं त्यांच्याच मुलांना तो फ्लॅट गेला असता. आत्यानं पुढच्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं, तिच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलीच्या शिक्षणासाठीही त्यात काही ठेवलंय, हे तिनंच मला आनंदानं सांगितलं.

जाताना मूळ कागद सोबत न्या, रजिस्ट्री, मृत्यूचा दाखला, टॅक्सची पावती, सगळ्यांचे आधार-पॅन आणि त्यांवरची नावं आधी घरीच ताडून बघा. ज्या म्हाताऱ्या माणसाचं काम आहे त्यांना बरोबर न्या, त्यांच्याशिवाय गेलात तर मॅडम अर्धंच बोलतात. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिना अरुंद. आईचे गुडघे दुखतात म्हणून सह्यांच्या आदल्या दिवशी मी फोनवर तसं सांगून ठेवलं होतं, तर मॅडम फाइल घेऊन स्वतः खाली आल्या, रिक्षातच आईशेजारी बसल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, भिया (इंदूरकडे भाऊला असंच म्हणतात), जरा लांब उभे राहा, आमचं खासगी आहे. पूर्ण मराठी मृत्युपत्र त्यांनी तिथं आईला एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. मीही लांबच उभा होतो. तुमच्याकडेही कुणाला जिना चढवत नसेल तर आधी सांगून ठेवा, त्या खाली येतात.